अर्ध्या रस्त्याचे पट्टे

सोमवारी सकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी, दुय्यम राज्यमार्गावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडापासून साठ पावलांवर, पायी रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना टेम्पोने धडक दिली. बाई शिलाईकाम करणाऱ्या, वय बावन्न. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. टेम्पो थांबला, चालक पळून गेला नाही. बाईंच्या हातातली कापडाची पिशवी दुभाजकाच्या सळईला अडकली होती, ती कोणीतरी नंतर रुग्णालयात आणून दिली.

घटना एवढीच. पण जागा नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या जागेवरच अडलं आहे.

हा रस्ता पूर्वी दोन पदरी होता आणि शहराबाहेरून जायचा. शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलं. दोन्ही बाजूंनी चाळी झाल्या, इमारती झाल्या, शाळा आली, दुकानं आली. नऊ वर्षांपूर्वी पालिकेने आपल्या बाजूच्या जागेत आणखी दोन पदर बांधले. तेव्हापासून जुने दोन पदर राज्याच्या रस्ते कार्यालयाचे आणि नवे दोन पालिकेचे. जाणारी वाहनं पालिकेच्या रस्त्याने जातात, येणारी राज्याच्या रस्त्याने येतात. मधला दुभाजक कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पालिकेने पादचाऱ्यांसाठी इथे पांढरे पट्टे मारले. उत्तम काम! दुभाजकात माणूस जाईल एवढी मोकळी जागाही ठेवली. पट्टे फुटपाथपासून सुरू होतात आणि दुभाजकाशी संपतात. पुढे काळा रस्ता. कारण पुढचा रस्ता राज्याचा, आणि राज्याच्या नकाशात इथे ओलांडायची जागाच नाही.

बाईंना धडक बसली ती काळ्या भागात.

*

पालिकेचं विभाग कार्यालय या पट्ट्यांच्या अगदी समोर आहे. तळमजल्यावर खिडकीजवळच्या टेबलावर आवक-जावक कारकून बसतात. येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या वहीत नोंदलं जातं, जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या वहीतून बाहेर पडतं. एकोणीस वर्षं हेच काम. सगळं कार्यालय त्यांना टपालनाना म्हणतं.

नाना कामचुकार नव्हते, हे आधी सांगितलेलं बरं. वेळेवर येत, वेळेवर जात. टेबलावर कागद साचू देत नसत. समोरच्या रस्त्याची तक्रार आली की ते लाल शाईने लिहीत, 'सदर ठिकाण या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. पत्र संबंधित कार्यालयाकडे वर्ग.' वर्ग केलेली तक्रार त्याच दिवशी निकाली धरायची, अशी कार्यालयाची पद्धत. तक्रारदाराला पंधरा दिवसांच्या आत तसं उत्तर जाई. नानांच्या डोक्यावर भिंतीला एक चौकटीतलं प्रमाणपत्र आहे. तक्रार निवारण, शंभर टक्के.

संबंधित कार्यालय म्हणजे राज्याचं रस्ते कार्यालय. ते कुठे आहे? रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर. नानांच्या खिडकीतून त्याची पाटी वाचता येते. पण पत्र असं सरळ समोर जात नाही! ते आधी पालिकेच्या मुख्यालयात जातं, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात, तिथून राज्याच्या उपविभागात आणि शेवटी समोरच्या इमारतीत. तीस मीटर जायला त्याला तेवीस दिवस लागतात. नानांनी एकदा मोजले होते.

समोरच्या इमारतीतले हेडक्लार्क अण्णा मात्र रोज अकरा वाजता रस्ता ओलांडून नानांच्या बाजूला चहाला येत. त्यांच्या बाजूला चहाची टपरी नव्हती. दोघांनी एकोणीस वर्षं एकाच बाकावर बसून चहा प्यायला, आणि त्यांची पत्रं डोक्यावरून तेवीस दिवसांचा प्रवास करत राहिली.

मंगळवारी अकरा वाजता नाना म्हणाले, "काल तुमच्या दारात अपघात झाला म्हणे."

"आमच्या दारात? पट्टे तुमचे."

"धडक तुमच्या रस्त्यावर."

"बाई तुमच्या बाजूने आली!"

दोघंही हसले. चहावाल्याने दोघांकडे पाहिलं आणि पातेलं घासायला घेतलं.

नाना परत आले तेव्हा टेबलावर पोलीस ठाण्याचं पत्र येऊन पडलं होतं. तपास करणाऱ्या जमादारांनी विचारलं होतं, 'घटनास्थळी पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडण्याची अधिकृत जागा आहे किंवा कसे, याबाबत लेखी कळवावे.' नानांनी नोंद केली आणि उत्तराचा मसुदा तिथल्या तिथे लिहून टाकला. तेच एक वाक्य. आता झोपेतसुद्धा ते लिहिता आलं असतं. मसुदा विभाग अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला, त्यांनी वाचून मान हलवली, आणि टंकलिखित प्रत दुसऱ्या दिवशी सहीला ठेवायचं ठरलं.

*

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच बायकोने विचारलं, "ऐकलंत का, त्या शिलाईवाल्या ताईंना टेम्पोने उडवलं?"

"हो. ऑफिससमोरच."

"आणि आपल्या लेकीचा ड्रेस त्यांच्याकडे आहे! शनिवारी मुलाखत आहे तिची. दुकानाला कुलूप. अहो, जरा रुग्णालयात जाऊन किल्ली आणा, आणि त्यांची विचारपूसही करा. मला आज निघता येत नाही."

"तुझ्या बहिणीला सांग ना. तिच्या घराजवळ आहे रुग्णालय."

बायकोने हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. "झालं! केलंत वर्ग. नळ गळतो तर घरमालकाकडे वर्ग. लेकीचा अभ्यास मास्तरांकडे वर्ग. मी तापाने फणफणले होते तर मला माहेरी वर्ग! या घरात तुमच्या अखत्यारीत नेमकं येतं तरी काय, ते एकदा कागदावर लिहून द्या मला!"

आतल्या खोलीतून लेकीच्या हसण्याचा आवाज आला. नानांनी पुन्हा चपला घातल्या.

हाडांच्या विभागात बारा खाटा होत्या. ताई खिडकीकडच्या खाटेवर होत्या. पाय वजनं लावून वर टांगलेला, चेहरा ओढलेला, पण जीभ शाबूत. नानांनी ओळख सांगितली तसं त्या म्हणाल्या, "किल्ली पिशवीत आहे, घ्या. ड्रेसला एकच बाही लागलीय हो. दुसरी कापून घडीत ठेवलीय. तुमच्या घरी टाके घालता येतात ना कोणाला? थांबा, माप देते."

त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. निळ्या पेन्सिलीने लिहिलेली. अक्षर डावीकडे कललेलं, आणि प्रत्येक अनुस्वाराच्या जागी टिंबाऐवजी एक छोटं वाटोळं कडं.

नाना चिठ्ठीकडे पाहत राहिले. एकोणीस वर्षं लोकांची पत्रं हाताळणाऱ्या माणसाला माणसं ओळखता येत नसतील, अक्षरं येतात. हे कडं त्यांनी पाहिलं होतं. कुठे पाहिलं होतं, तेही त्यांना माहीत होतं.

"तुम्ही पालिकेत आहात ना?" ताईंनी विचारलं. "कोणत्या खात्यात?"

"आवक-जावक."

"अरे वा! म्हणजे माझी सहाच्या सहा पत्रं तुमच्या हातून गेली."

नाना स्टुलावर बसले.

"नावं नाही हं ठेवणार तुमच्या ऑफिसला," ताई म्हणाल्या. "प्रत्येक पत्राला उत्तर आलं. पंधरा दिवसांच्या आत! तक्रार निकाली. मी ती सगळी उत्तरं दुकानात टाचून ठेवलीत. गिऱ्हाइकं विचारतात, ताई, ही कसली बक्षिसं मिळाली तुम्हाला?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली. नानांना हसू आलं नाही.

"ताई, आमच्या हद्दीतले पट्टे आम्ही मारले," ते म्हणाले. "पुढचा रस्ता राज्याचा आहे. आम्ही तिथे ब्रशही लावू शकत नाही. नियमच तसा आहे."

"असेल. मी नियमाला कुठे नाही म्हणते? पण एक सांगा. तुमच्या लेकीचा ड्रेस मी एका बाहीचाच हातात ठेवला असता, आणि म्हटलं असतं, डावा हात माझ्या हद्दीत येतो, उजव्याचं त्या पलीकडच्या टेलरला विचारा, तर तुमची बायको काय म्हणाली असती?"

"तिने दुकान डोक्यावर घेतलं असतं."

"बरोबर केलं असतं! आणि अर्ध्या ड्रेसने कोणाचा पाय तरी मोडत नाही."

वजनांची दोरी हलली तशी ताईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्या पुढे बोलल्या. आता आवाजात थट्टा नव्हती.

"पट्टे अजिबात नसते ना, साहेब, तर मी पळत गेले असते. सगळे पळतात तशी. दोन्हीकडे बघत, जीव मुठीत धरून. वीस वर्षं तशीच पळाले, कधी खरचटलंसुद्धा नाही. तुमचे पट्टे आले म्हणून मी चालायला लागले. अलीकडे गाड्या थांबतात. काल तर एका बसवाल्याने हात करून मला जायला सांगितलं. मनात आलं, चला, थांबतायत लोक. त्याच चालीने मी दुभाजकातून पुढे गेले. त्या टेम्पोवाल्याला काय स्वप्न पडणार होतं? त्याच्या समोर तर नुसता काळा रस्ता. त्याचीही काय चूक!"

नानांच्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं. अर्धं काम म्हणजे निदान अर्धी सोय, असंच ते धरून चालले होते. अर्धे पट्टे माणसाला हात धरून रस्त्याच्या मध्यावर नेतात आणि तिथे हात सोडतात, हे तीन वर्षं खिडकीतून बघूनही त्यांना दिसलं नव्हतं!

"सकाळी जमादार येऊन गेले," ताई म्हणाल्या. "माणूस बरा वाटला. म्हणाले, बाई, कागदावर तिथे ओलांडायची जागा नसेल तर तुम्ही वाहनांच्या मध्ये घुसलात असं धरावं लागेल. पालिकेला पत्र टाकलंय, त्यांचं उत्तर येईल त्यावर आहे. ते पत्र आलं असेल ना तुमच्याकडे?"

"आलंय."

"मग? काय लिहिणार?"

उत्तर लिहून झालं होतं.

"हा पाय मशीनचा पाय आहे," ताई म्हणाल्या. "चार-सहा महिने मशीन बंद. चूक माझी ठरली तर भरपाई गेली, ते एक. पण मला राग येतो तो वेगळाच. चूक माझी नव्हती हो! मी सांगितलेल्या जागेवरून, सांगितल्यासारखी चालले. आता मला कोणीतरी समजावून सांगा. दुभाजकापर्यंत मी शहाणी नागरिक, आणि दुभाजकाच्या पुढे एक पाऊल टाकलं की गुन्हेगार?"

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. नानांनी किल्ली आणि चिठ्ठी खिशात घातली. उठताना ते "काळजी घ्या" एवढंच म्हणाले, आणि जिन्यात स्वतःलाच ते फार अपुरं वाटलं.

*

बुधवारी नाना अर्धा तास लवकर आले. शिपायाकडून कपाट उघडून घेतलं आणि तीन वर्षांच्या आवक वह्या टेबलावर मांडल्या. चौदाव्या किलोमीटरच्या त्या जागेबद्दल अकरा तक्रारी निघाल्या. सहा कड्यांच्या अक्षरातल्या. तीन शाळेच्या. एक निवृत्त शिक्षकांची. आणि एक छापील अक्षरांतली, सही नसलेली, खाली फक्त 'एक त्रस्त पादचारी'. अकराही नोंदींच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता आणि तो नानांच्या स्वतःच्या हातचा होता. निकाली.

त्यांनी सहीसाठी आलेलं कालचं उत्तर बाजूला ठेवलं आणि नवं लिहिलं.

विभाग अधिकारी नानांपेक्षा अठरा वर्षांनी लहान. हुशार, पण बदलीच्या भीतीने सतत घाईत. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"नाना, हे काय आहे?"

"जमादारांच्या पत्राचं उत्तर."

"उत्तर मी काल बघितलं की! एका ओळीचं होतं. छान होतं." त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'सदर ठिकाणी पादचाऱ्यांसाठी पट्टे या कार्यालयाने आखलेले असून ते दुभाजकापर्यंतच आहेत. त्यामुळे पादचारी उर्वरित भागात धोक्यात येतात, अशा अकरा तक्रारी गेल्या तीन वर्षांत या कार्यालयास प्राप्त झाल्या...' अहो, हा कबुलीजबाब आहे!"

"खरं आहे साहेब."

"खरं आहे म्हणून लिहायचं?"

बोलून झाल्यावर साहेबांना स्वतःलाच ते वाक्य कसंसं वाटलं असावं. ते जरा नरमले. "तसं नव्हे. पण उद्या वरून विचारलं, अकरा तक्रारींचं काय केलंत, तर मी काय सांगू?"

"शंभर टक्के निकाली काढल्या म्हणून सांगा. प्रमाणपत्र आहेच भिंतीवर."

"नाना, तुम्ही माझी चेष्टा करताय?"

"माझी स्वतःची करतोय. ती अक्षरं माझी आहेत, साहेब. तुम्ही तर गेल्या वर्षी आलात. एका बाईने सहा वेळा सांगितलं, इथे कोणीतरी मरेल. मी सहा वेळा उत्तर पाठवलं, मिटलं म्हणून. आता तिचाच पाय मोडलाय, आणि आपण सातव्यांदा तेच लिहिणार? यावेळी त्या एका ओळीमुळे तिला दोषी ठरवलं जाईल!"

साहेबांनी कागद एका फाइलीखाली सरकवला. "ठेवून जा. बघतो."

'बघतो' म्हणजे काय, हे नानांएवढं कोणाला कळणार? ते खाली आले आणि त्यांनी जमादारांना फोन लावला.

"उत्तराला वेळ लागेल," ते म्हणाले. "पण आवक वहीचा खरा उतारा द्यायला मला कोणाची सही लागत नाही. माझी पुरते. तुम्ही लेखी मागणी करा."

पलीकडे जमादारांनी मोठा श्वास सोडला. "अहो, नऊ वर्षांत या रस्त्यावरच्या अपघातांसाठी मी कितीतरी पत्रं पाठवली. दरवेळी तुम्ही म्हणता राज्य, राज्य म्हणतं पालिका. वाटतं, दुभाजकावरच उभं राहून गुन्हा नोंदवावा. शिपाई पाठवतो. आत्ता!"

पाऊण तासात मागणीचं पत्र आलं. नानांनी अकराही नोंदी उतरवल्या. प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' लिहून सही केली.

मग त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं, रस्ते कार्यालयाला. त्यांच्या भागातले पट्टे तातडीने आखावेत म्हणून. हे पत्र तेवीस दिवसांच्या वाटेवर टाकायला त्यांचा हात धजेना. ते पाकीट घेऊन उठले आणि कार्यालयाच्या पायऱ्या उतरले.

एकोणीस वर्षांत त्यांनी हा रस्ता इथे पायी कधी ओलांडला नव्हता. घर याच बाजूला, चहा याच बाजूला, काम टेबलावर.

पट्ट्यांवर पाय ठेवताच एक मोटार थांबली, तिच्यामागे रिक्षा थांबली. नाना आरामात चालत दुभाजकापर्यंत गेले. बरंही वाटलं. आणि मग समोरून ट्रक गेला. त्यामागे बस, तिच्या आडून दोन दुचाक्या, पुन्हा ट्रक. कोणीही वेग कमी केला नाही. का करावा? सळईला निळ्या कापडाची एक चिंधी अजून अडकलेली होती. नाना त्या चिंधीशेजारी पाकीट छातीशी धरून सहा मिनिटं उभे राहिले. शेवटी शाळेतल्या मुलासारखे धावत सुटले. पलीकडच्या फुटपाथवर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि भयंकर संताप आला होता. कोणाचा, ते त्यांना नीट ठाऊक होतं.

अण्णांनी त्यांना दारात पाहिलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "तुम्ही? इकडे? घरी सगळं बरं आहे ना?"

"पत्र आणलंय."

"हातात?" अण्णांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "अहो, असं कसं घेऊ मी? हे जिल्ह्यातून यायला हवं. याच्यावर उपविभागाचा क्रमांक नाही, काही नाही. नोंद कुठल्या रकान्यात करू?"

"अण्णा, तुम्ही चहाला रोज हा रस्ता कसा ओलांडता?"

"पळत!" अण्णा पटकन म्हणाले. "तुमच्या दुभाजकापर्यंत पळत, तिथून पुढे साहेबासारखा चालत."

"एकोणीस वर्षं पळताय, आणि कधी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत?"

अण्णांनी टेबलावरचा टाचण्यांचा डबा उगाच सरळ केला. मग आवाज उतरवून म्हणाले, "लिहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी. तुमच्याच ऑफिसला. नाव घातलं नव्हतं."

"एक त्रस्त पादचारी!"

"तुम्ही ती आमच्याकडे वर्ग केलीत. तेविसाव्या दिवशी माझीच तक्रार माझ्याच टेबलावर आली."

"मग तुम्ही काय केलंत?"

अण्णा खिडकीकडे बघू लागले. "पट्टे पालिकेचे असल्याने मूळ कार्यालयाकडे परत."

दोघांपैकी कोणीच हसलं नाही. नानांनी हळूच सांगितलं, काल रुग्णालयात काय पाहिलं ते. पायाला लावलेली वजनं, टाचून ठेवलेली सहा उत्तरं, आणि बाईंचा तो प्रश्न. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग खण उघडला, शिक्का काढला, शाईच्या गादीवर दोनदा आपटला आणि पाकिटावर उठवला. "रकाना नसेल तर नवा आखू," ते म्हणाले. "आमच्या इंजिनीअरबाई तीनला येतात. मी स्वतः आत घेऊन जातो. आणि नाना, परत जाताना थांबा. एकट्याने जाऊ नका. मी येतो दुभाजकापर्यंत."

*

इथे आपल्या सर्वांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नाना दुष्ट नव्हते, अण्णाही नव्हते. दोघांनी एकही नियम मोडला नव्हता. आपणही मोडत नाही. जिन्यातला दिवा सोसायटीचा, गटाराचं झाकण पालिकेचं, शेजारच्या घरातलं रडणं त्यांच्या घरचं. आपल्या वाट्याचे पट्टे मारून आपण दुभाजकाशी थांबतो, हात झटकतो आणि समाधानाने घरी जातो. पण आपली हद्द संपली म्हणून काम संपत नाही. चालणारा माणूस पलीकडच्या फुटपाथवर सुखरूप पोचला, की काम संपतं. तोवर आपल्या कागदावर 'निकाली' लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि जे काम आपल्या हाताने करता येत नाही, ते ज्याच्या हाताने होईल त्याच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी नेता येतं. तीस मीटरच असतात बहुतेकदा!

*

पुढची माहिती शनिवार दुपारपर्यंतची आहे.

गुरुवारी टपालनानांकडून लेखी खुलासा मागण्यात आला. परस्पर उतारा का दिला आणि टपाल हाताने का नेलं, असे त्यात दोन प्रश्न आहेत. नानांनी दोन्हींना मिळून एक ओळ लिहिली आहे, 'घाई होती.' जमादारांना द्यायच्या उत्तराचा त्यांचा मसुदा विभाग अधिकाऱ्यांच्या फाइलीखालून बाहेर आला आहे, पण सही झालेली नाही. शुक्रवारी साहेब एकटेच खाली उतरून दुभाजकापर्यंत जाऊन आले, असं शिपाई सांगतो.

भिंतीवरचं प्रमाणपत्र नानांनी काढून कपाटात ठेवलं आहे. त्या जागी चौकोनी पांढरा डाग दिसतो.

लेकीच्या ड्रेसची दुसरी बाही नानांच्या बायकोने निळ्या पेन्सिलीच्या मापाप्रमाणे हातशिलाईने लावली. मुलाखत झाली, निकाल यायचा आहे.

जमादारांना उतारा मिळाला. त्यांनी तो प्रकरणाला जोडला आहे. चूक कोणाची, या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही. पालिकेच्या सहीच्या उत्तरासाठी ते सोमवारपर्यंत थांबणार आहेत. तेच त्यांनी रुग्णालयात जाऊन ताईंनाही सांगितलं. "सोमवारपर्यंत मी कुठे पळून जातेय?" ताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दहा वाजता राज्याच्या रस्ते कार्यालयाचे दोन मजूर सुतळी आणि खडू घेऊन आले. अण्णा लाल कापड हलवत वाहनं थांबवत होते. दुभाजकापासून पलीकडच्या फुटपाथपर्यंत सहा पट्ट्यांच्या कडा खडूने आखून झाल्या. रंगाची मागणी जिल्ह्याकडे गेली आहे.

दुपारी दीड वाजेपर्यंत सहांपैकी दोन पट्ट्यांचा खडू चाकांखाली पुसला गेला होता. रंग आलेला नव्हता.